प्रति: पगारवाढ हीच खरी प्रेरणा?
पगार वाढवला की माणसं आपोआप मन लावून काम करतात, हे वरचं मत मला अर्धंच पटतं. पगार पुरेसा आणि वेळेवर हवाच. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं की कमी पगाराने माणूस नाराज होतो. कामाची ओढ मात्र जबाबदारीतून आणि कामाची दखल घेतल्याने लागते.

माझंच सांगते. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी. लोकलमध्ये चेंगरून साडेनऊचं मस्टर गाठायचं, म्हणजे पहिला तास नुसता दम खाण्यात जायचा. नवीन साहेबांनी आठ ते अकरामध्ये कधीही यायची मुभा दिली, आणि कोणी कधी यायचं, काम आपसात कसं वाटून घ्यायचं, हेही आम्हा सातजणींवरच सोपवलं. आमच्यातली सगळ्यात अबोल मुलगी आता ते वेळापत्रक लावते, आणि फार छान लावते.