मदत हवी आहे: १४२८५७ चा गुण सोळा अंकी संख्येतही येतो का?

मंडळी, नागपुरात सक्करदऱ्याला माझा दहावीचा गणिताचा वर्ग आहे. २२ डिसेंबरच्या गणित दिनासाठी पोरं १४२८५७ वर तक्ता करताहेत. १ ला ७ ने भागलं की दशांशात हेच सहा अंक फिरत राहतात. २ ते ६ पैकी कशानेही गुणा, अंक तेच, फक्त सुरुवात बदलते. ७ ने गुणलं की थेट ९९९९९९. देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या दोन कल्पनाही इथे एकत्र भेटतात. अंकांची बेरीज २७ आणि २७ ने पूर्ण भाग जातो, म्हणून ही हर्षद संख्या. वर्ग येतो २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे मिळवले की परत १४२८५७, म्हणून ही कापरेकर संख्याही! इतकं देखणं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता पोरं विचारतात, १७ चं काय? तिथे ०५८८२३५२९४११७६४७ हे अंक फिरतात. अंकांची बेरीज ७२ आणि संख्या विषम, म्हणजे हर्षद नाही, हे त्यांनीच ओळखलं. पण वर्ग तीस अंकी, साध्या कॅल्क्युलेटरवर मावत नाही. त्याचे शेवटचे सोळा अंक आणि उरलेला पुढचा भाग मिळवला तर मूळ संख्या येते का? नसेल येत, तर ७ ला जमतं ते १७ ला कुठे अडतं?

नुसतं हो-नाही नको. भागाकारातली बाकी वापरून फळ्यावर मांडता येईल अशी सिद्धता कुणी सांगाल का?