लेसोथो: डोंगरातल्या वाड्यांवर घरोघर एचआयव्ही चाचणी, तयारी कशी करावी?

रानवाट:
दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या लेसोथो या देशाच्या मोखोतलाँग जिल्ह्यात घरोघर जाऊन ऐच्छिक समुपदेशन आणि रक्तचाचणी करायची आहे. जून-जुलैत निघायचं ठरतंय. पथकात दोन समुपदेशक, एक नर्स आणि गावची आरोग्यसेविका. तीन शंका आहेत. थंडीत किट टिकतील का? पहिली पट्टी पॉझिटिव्ह आली तर पुढे किती चाचण्या करायच्या? आणि एका खोलीच्या घरात गोपनीयता कशी राखायची?

पिपेट:
बहुतेक पथकं किट उन्हापासून जपतात, पण तिथे खरा धोका गोठण्याचा आहे. अख्खा लेसोथो समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरच्या वर आहे आणि जून-जुलै म्हणजे तिथला ऐन हिवाळा. डिटरमाइनची (बोटातल्या रक्तावर चालणाऱ्या झटपट एचआयव्ही चाचणीची) पट्टी २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. रात्री किट गाडीत राहू देऊ नका, उबदार खोलीत घ्या. थंड किट लगेच वापरू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

चुका रक्त घेताना जास्त होतात. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब पुसा, मग नळीत खुणेपर्यंत ५० मायक्रोलिटर घ्या. थंडीने बोटं गारठलेली असतात. ती आधी चोळून ऊब आणा, नाहीतर रक्त कमी पडतं आणि मग बोट पिळलं जातं. रक्त पट्टीत जिरलं की बफरचा (किटसोबतच्या द्रावणाचा) एकच थेंब. निकाल १५ मिनिटांनी वाचा, ६० मिनिटांनंतर वाचू नका. कंट्रोलची रेघ (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) नसेल तर चाचणी बाद, नवी पट्टी घ्या. रुग्णाची रेघ (लागण दाखवणारी) फिकट असली तरी पट्टी रिॲक्टिव्हच, म्हणजे लागणीची शक्यता दाखवणारी.

तिसरीरेघ:
पहिल्या पट्टीवर कुणालाही "पॉझिटिव्ह" म्हणू नका. २०२० च्या राष्ट्रीय पाहणीनुसार लेसोथोत एचआयव्ही असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ९० टक्क्यांना आपली स्थिती माहीत होती. म्हणजे ज्यांना अजून माहीत नाही त्यांच्यात लागण झालेले थोडेच उरतात, आणि चुकीच्या पॉझिटिव्हचा वाटा वाढतो. हिशेब करून बघा. १,००० जणांत १० जणांना लागण आहे आणि किटची विशिष्टता (निरोगी माणसाला बरोबर निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९९ टक्के आहे, तर ९९० निरोगींपैकी जवळपास १० जणांची पट्टीही रिॲक्टिव्ह येईल. खरे दहा, खोटे दहा!

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सर्वच देशांना सलग तीन वेगवेगळ्या चाचण्या रिॲक्टिव्ह आल्यावरच निदान करायला सुचवलं. पहिल्या दोन रिॲक्टिव्ह आणि तिसरी नाही, तर निकाल अनिर्णित, १४ दिवसांनी पुन्हा तपासणी. दोनांत वाद झाला म्हणून तिसऱ्या किटला पंच करायचं नाही, ही चूक फार दिसते. पॉझिटिव्ह निदान झालं तरी औषध सुरू करण्यापूर्वी नवा नमुना घेऊन, शक्यतो दुसऱ्या कर्मचाऱ्याकडून, पडताळणी करा.

"आधीपासून औषध चालू आहे का?" हे चाचणीआधीच विचारा. असेल तर पुन्हा चाचणी नको, विशेषतः तोंडातल्या स्रावाची. औषधांमुळे ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

ओलावा:
गोपनीयतेचं सांगते. घरच्या सगळ्यांना एकत्र फक्त माहिती द्या. संमती, चाचणी आणि निकाल एकेकट्याचे. जागा नसेल तर अंगणात, आवाज ऐकू जाणार नाही इतकं लांब. पॉझिटिव्ह माणसाशीच जास्त वेळ बोललात तर शेजाऱ्यांना निकाल न सांगता कळतो. म्हणून सगळ्यांना जवळपास सारखाच वेळ द्या. घरावर खूण नको, नावांची यादी आरोग्यसेविकेच्याही हाती नको. नवऱ्यासमोर बायकोकडून संमती घेतली तर ती संमतीच नव्हे.

माझ्या मते सगळ्यात मोठी गळती निकालानंतर होते. चिठ्ठी हातात देऊन "दवाखान्यात जा" म्हटलं की माणूस हरवतो, तिथे दवाखाना डोंगरापलीकडे असतो. बुथा-बुथे जिल्ह्यातल्या एका चाचणी-अभ्यासात, घरीच त्याच दिवशी औषध सुरू केलेल्यांपैकी ६८.६ टक्के तीन महिन्यांत उपचाराशी जोडले गेले. नुसत्या चिठ्ठीवाल्यांत ४३.१ टक्के. नर्स सोबत आहे, तर औषधं बरोबर घ्या. पण टीबीची लक्षणं, तीव्र डोकेदुखी वगैरे विचारल्याशिवाय देऊ नका.

रानवाट:
पुरुष घरी सापडतील का? बरेच जण दक्षिण आफ्रिकेत खाणींवर असतात.

ओलावा:
ते नाताळ आणि ईस्टरला येतात, तेव्हा दुसरी फेरी ठेवा. गुराखी मुलगे उन्हाळ्यात उंचावरच्या गोठ्यांवर असतात, हिवाळ्यात खाली उतरतात. त्यांच्यासाठी जून-जुलै उत्तम, फक्त संध्याकाळी जा. बाकीच्यांसाठी घरी स्वचाचणीचं किट ठेवता येतं. मोखोतलाँग आणि बुथा-बुथेत हे करून पाहिलंय, आरोग्यसेविका वापरलेली किटं गोळा करायच्या.

पिपेट:
स्वचाचणीत पट्टी वरच्या आणि खालच्या हिरडीवरून प्रत्येकी एकदाच फिरवायची. आधी १५ मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. निकाल २० ते ४० मिनिटांच्या आत वाचायचा. रिॲक्टिव्ह आली तरी ते निदान नाही, वरच्या तीनही चाचण्या पहिल्यापासून. ज्याला ७२ तासांच्या आत धोका झालाय त्याला किट देत बसू नका, पीईपीसाठी (धोक्यानंतर लागण टाळायला लगेच सुरू करायच्या औषधांसाठी) त्याच दिवशी पाठवा.