'सोलो लेव्हलिंग': एवढा गाजावाजा कशासाठी? (२५ भाग पाहून झाल्यावर पडलेला प्रश्न)

शंकेखोर

मे २०२५ मध्ये टोकियोत क्रंचीरोल या अ‍ॅनिमे दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवेचे पुरस्कार झाले आणि वर्षातलं सर्वोत्तम अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) ठरलं 'सोलो लेव्हलिंग'. नामांकनांत 'फ्रीरेन' होतं, 'डॅनडॅडॅन' होतं, 'द अपोथेकरी डायरीज'ही होतं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून हा धागा.

पहिले दोन भाग जबरदस्त आहेत, हे आधीच कबूल करतो. नायक जिनवू ई-रँकचा, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरचा, राक्षस मारणारा शिकारी. आई कित्येक वर्षं झोपेतून उठलेली नाही, धाकटी बहीण शिकतेय, म्हणून हा जीव मुठीत धरून डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांच्या गुहेत, उतरतो. मग ते देऊळ, ते दगडी पुतळे, दगडी पाटीवरच्या तीन आज्ञा, आणि पळणाऱ्यांचा होणारा चेंदामेंदा. मला वाटलं, ही भीतीची गोष्ट आहे.

तेवढ्यात 'सिस्टीम' अवतरते, म्हणजे फक्त जिनवूलाच दिसणारा, व्हिडिओ गेमसारखी कामं आणि गुण देणारा पडदा. पी हळद नि हो गोरी! पुढे लढाई, लेव्हल वाढली, खांदे रुंद झाले, जबडा टोकदार झाला, पुन्हा लढाई. हा मरेल की काय, अशी धाकधूक मला पुन्हा कधी झाली नाही. ज्याचं काहीच पणाला लागलेलं नाही, त्याची लढाई बघून करायचं काय?

आणि तरीही २५ भाग पाहिले. दुसऱ्या सीझनचे शेवटचे तीन तर एका रात्रीत. याचं उत्तर मला कोणीतरी द्या.

रातकिडा

नावातच 'सोलो' आहे हो! एकट्याने पुढे जाणाऱ्याची गोष्ट एकट्याचीच असणार. कोल्हापुरात तांबडा रस्सा मागवायचा आणि तिखट लागला म्हणून तक्रार करायची, त्यातला प्रकार झाला हा.

धाकधूक नाही म्हणता, तर पहिल्या सीझनचा ११वा भाग परत पाहा. रिकाम्या सिंहासनाची राखण करणारा लाल चिलखतातला इग्रिस जिनवूला अक्षरशः धोबीपछाड देतो. खंजीर चालत नाही, युक्ती चालत नाही, शेवटी झोंबाझोंबीवर येतं प्रकरण.

बाकी माझ्यापुरतं सांगायचं तर रात्रपाळी संपवून सकाळी घरी आल्यावर मला आयुष्याचा अर्थ शोधणारं काही नको असतं. केलेल्या कष्टाचे गुण ताबडतोब पडद्यावर दिसतात, एवढंच पुरतं. आमच्या अप्रेझलमध्ये दिसतात का?

पेन्सिलटोक

दोघांचाही एक मुद्दा सुटतोय. मूळ कोरियन कादंबरी चुगाँगची, पण ती जगभर पोचली वेबटूनमुळे, म्हणजे ऑनलाइन चित्रकथेमुळे. ते चित्रं काढणारे जांग संग-राक उर्फ दुबू जुलै २०२२ मध्ये गेले, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. अ‍ॅनिमे आलं जानेवारी २०२४ मध्ये.

वेबटून मोबाईलवर अंगठ्याने सरकवत वाचायचं. वरून येणारा वार दाखवायला चित्रकार उभीच्या उभी लांब चौकट वापरतो, तुमची नजर खाली घसरते आणि तिच्याबरोबर तलवारही. टीव्हीच्या आडव्या चौकटीत ही युक्ती मेली. मग अ‍ॅनिमे बनवणाऱ्या ए-१ पिक्चर्स स्टुडिओने काय केलं? कॅमेराच पळवला, वेग कमी-जास्त केला, आणि जिथे चित्र पुरत नाही तिथे हिरोयुकी सावानोचं संगीत सोडलं. ते म्हणजे लक्ष्मी रोडवर एखादं पथक अगदी समोर येतं ना, तसं छातीत वाजतं. शंकेखोर, तुम्ही जागलात ते या कारागिरीसाठी. कथा पातळ आहे हे मलाही मान्य. पण पुरस्कार फक्त कथेलाच मिळावा असं कुठे आहे?

शंकेखोर

@पेन्सिलटोक, उभ्या चौकटीचं पटलं. इग्रिसचंही पटलं, रातकिडा, एक गुण तुम्हाला.

पण हा एकखांबी तंबू आहे, आणि बाकीच्यांना नुसतं तंबूत उभं केलंय. जूही आठवते? पहिल्या डंजनमध्ये सोबत असलेली, त्या धक्क्यातून कधीच न सावरलेली. माझ्या मते सगळ्यात खरं पात्र. ती हे काम सोडून देते आणि गोष्ट तिला विसरून जाते. चा हे-इनचं तर विचारूच नका. कोरियातल्या मोजक्या एस-रँक, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवरच्या शिकाऱ्यांपैकी एक, आणि तिची ओळख काय? तर इतर शिकाऱ्यांचा वास तिला सहन होत नाही, जिनवूचा मात्र आवडतो! अरे, काय हे!

मुलुंडचा_मावळा

थोडं अवांतर. जपानमध्ये दाखवलेल्या आवृत्तीत जिनवूचं नावच बदललंय, तिथे तो मिझुशिनो शुन. कोरियन गोष्ट, जपानी स्टुडिओ, आणि आपण बघतो हिंदी डबमध्ये.

मी मात्र जपानीतच पाहतो. मेलेल्या शत्रूची सावली उठवून आपल्या सैन्यात घेताना जिनवू तिला खालच्या आवाजात 'ओकिरो' म्हणतो, तेव्हा काटा येतो अंगावर. अर्थ फक्त 'ऊठ'. आमची आई हेच रोज सहाला म्हणायची, सावल्या काही उठल्या नाहीत.

रातकिडा

@शंकेखोर, चा हे-इनबद्दल मी वकिली करणार नाही, तो भाग टुकारच आहे. पण जेजू बेटावरच्या राक्षसी मुंग्यांशी झालेल्या लढाईतला मिन ब्यंग-ग्यू? सगळ्यांना बरं करणारा तो, आणि मुंग्यांच्या राजाकडून मारला जातो. जिनवू त्याला सावली म्हणून उठवतो, ते फक्त चा हे-इनला वाचवण्यापुरतं. असला हुकमी वैद्य सैन्यात कायमचा ठेवता आला असता. तो नाही ठेवत, जाऊ देतो. हावरटपणावर उभ्या असलेल्या या गोष्टीत नायक एकदा तरी 'नको' म्हणतो.

शंकेखोर

हो, तिथे मीही गप्प बसलो होतो. पण २५ भागांत असे प्रसंग किती? आईला शुद्ध येते तो एक, हा दुसरा. तिसरा सांगा.

चिरंजीवांची_आई

तिसरा आमच्या घरी घडला. जिनवूला सिस्टीम रोज १०० जोर, १०० बैठका, १०० ते सिट-अप्स का काय पोटाचं, आणि १० किलोमीटर धावणं लावते ना? आमच्या चिरंजीवांनी तेच सुरू केलं. नाही केलं तर मालिकेत दंड म्हणून वाळवंटात अजस्र गोमा मागे लागतात. चौथ्या दिवशी हा उठलाच नाही. गोमा काही आल्या नाहीत. पाचव्या दिवसापासून साहेब पुन्हा नऊपर्यंत झोपतात.