गेल ऑम्वेट यांच्याबद्दल मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. आमच्या वाचनालयात नववी-दहावीच्या मुलींसाठी समाजशास्त्रज्ञ आणि चळवळीतल्या कार्यकर्त्या गेल ऑम्वेट यांच्यावर तासाभराचा कार्यक्रम करायचा आहे. साल-तारखांचा सांगाडा माझ्याकडे आहे: जन्म १९४१, अमेरिकेतलं मिनियापोलिस, महात्मा फुल्यांच्या चळवळीवर संशोधन करायला इकडे आल्या, १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली, चळवळीतले कार्यकर्ते भारत पाटणकरांशी लग्न झालं आणि सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या कासेगावातच राहिल्या. १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं. २०२१ मध्ये गेल्या, त्याही कासेगावातच.

पण एवढं वाचून दाखवलं तर मुली जांभया देणार. परवा नुसतं नाव काढलं तर एकीने विचारलं, "अमेरिका सोडून त्या वाळव्यात कशाला आल्या?" मी फुले, जात, शेतकरी बायका असं काहीबाही बोलले, तिला काही ते पटलं नाही. खरं तर मलाही नाही.

मला हवंय ते असं. गेल आणि त्यांच्या सासूबाई इंदुताई पाटणकर मिळून स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत परित्यक्ता, म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या प्रश्नावर काम करत होत्या. तेव्हाच्या मोर्च्यांत, बैठकांत गेलेलं कुणी आहे का? बायका घरी काय सांगून निघायच्या, भाकरी कोण बांधून द्यायचं, असल्या गोष्टी हव्यात. गेल यांच्या मराठी भाषणाचं रेकॉर्डिंग असेल तर फारच उत्तम. आणि पुणे विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकलेलं कुणी असेल, तर वर्गात त्या कशा शिकवायच्या तेही सांगा.

फॉरवर्ड केलेले श्रद्धांजलीचे मेसेज मात्र नकोत, ते ढीगभर आहेत.