शब्दचर्चा : ‘रेडलाइनिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
नमस्कार. डेट्रॉईट परिसरातील आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी येथील वस्त्यांच्या इतिहासावर लेख लिहीत आहे. ‘सेग्रिगेशन’साठी, म्हणजे वंशानुसार लोकांच्या वस्त्या वेगळ्या ठेवण्यासाठी, मी ‘विलगीकरण’ हा शब्द योजला होता, परंतु मसुदा वाचून आईने फोनवर विचारले की तिकडे कोणती साथ आली होती. या शब्दाऐवजी काय लिहावे? तसेच ‘रेडलाइनिंग’साठी, म्हणजे तेथे कोण राहते हे पाहून वस्ती धोकादायक ठरवून घरकर्ज नाकारण्याच्या पद्धतीसाठी, ‘लालरेषा’ आणि सरकारच्या सहभागासाठी ‘सरकारपुरस्कृत’ हे शब्द योग्य ठरतील का?

उत्तर :
आपल्या मातोश्रींची शंका अगदी रास्त आहे. २०२० नंतर ‘विलगीकरण’ हा शब्द रुग्णाला चिकटला आहे. रुग्णाला काही दिवसांसाठी आणि सर्वांच्या भल्यासाठी बाजूला ठेवतात, त्यामुळे ज्या कृतीला आपण अन्याय म्हणणार आहात तिचे समर्थनच हा शब्द नकळत करून जातो. ‘पृथक्करण’ प्रयोगशाळेतले वाटते. ‘वर्णभेद’ दक्षिण आफ्रिकेसाठी रूढ आहे आणि तेथे तो नेमका बसतो, कारण कोणत्या वंशाने कोठे राहायचे हे तेथील १९५०च्या कायद्याने उघडपणे ठरवले होते. अमेरिकेत असे शहरी नियम सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्येच घटनाबाह्य ठरवले होते. तेथे पुढचे काम कर्जाची हमी, मूल्यांकनाचे नियम आणि खरेदीखतातील अटी यांनी केले. म्हणून मी ‘वस्तीबंदी’ हा शब्द सुचवतो. गावबंदी, प्रवेशबंदी यांप्रमाणे तो ऐकताच ‘बंदी कोणी घातली?’ हा प्रश्न मनात येतो, आणि या इतिहासात तोच प्रश्न महत्त्वाचा आहे.

‘लालरेषा’ मात्र टाळावी. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला निळी रेषा आणि लाल रेषा म्हटले की पूररेषाच आठवेल. ती रेषा नदीच्या पाण्यावरून ठरते, तर अमेरिकेतील नकाशांवर रंग भरताना तेथे कोण राहते हेही पाहिले जात होते. मंदीत घरे गमावू लागलेल्या कर्जदारांसाठी १९३३ मध्ये स्थापन झालेल्या ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ने पुढील काही वर्षांत दोनशेहून अधिक शहरांचे असे नकाशे तयार केले. हिरवा म्हणजे सर्वोत्तम, निळा म्हणजे अजूनही चांगला, पिवळा म्हणजे उतरणीला लागलेला आणि लाल म्हणजे धोकादायक भाग. येथे ‘धोकादायक’ या शब्दाशी थोडे थांबायला हवे. मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर मोडकळीस आलेल्या इमारतीवरची पाटी येते, परंतु या नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या, घरे कशीही असोत, बहुधा लाल रंगातच गेल्या. नकाशासोबतच्या छापील तक्त्यात ‘अमुक लोकांचा शिरकाव’ अशी एक स्वतंत्र ओळच असे आणि अधिकारी तिच्यात वंशाचे नाव भरत असे. शिरकाव रोगाचा होतो, शत्रूचा होतो. शेजाऱ्याबद्दल हा शब्द सरकारी कागदावर आधीच छापून ठेवलेला होता, हे आपल्या लेखात अवश्य यावे.

या पद्धतीला ‘लाल शेरा’ म्हणावे असे मला वाटते. प्रकरणावर लाल शेरा पडला म्हणजे काय होते, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. एक पथ्य मात्र पाळावे. नकाशे काढणारी संस्था आणि कर्जाला विमा देणारी, म्हणजे कर्ज बुडाल्यास सावकाराला भरपाईची हमी देणारी, संस्था वेगवेगळ्या होत्या. १९३४ मध्ये स्थापन झालेले ‘फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन’ स्वतःच्या नियमपुस्तिकेनुसार विमा देई, आणि वस्तीत ‘विसंगत’ वंशाचे लोक येऊ नयेत याची तजवीज करणारी अट खरेदीखतात असावी, अशी शिफारस त्या पुस्तिकेत होती. अशा कित्येक खतांत गोऱ्यांखेरीज कोणी येथे राहू नये असे लिहून पुढे घरगुती नोकरांचा अपवाद केलेला आढळतो. स्वयंपाक करायला त्याच घरात राहिलेले चालत होते, शेजारी म्हणून राहिलेले चालत नव्हते.

यामुळेच ‘सरकारपुरस्कृत’ हा शब्द मला अपुरा वाटतो. पक्षपुरस्कृत अपक्ष म्हणजे मागून पाठिंबा मिळालेला उमेदवार. येथे सरकार मागे उभे नव्हते, अटी तेच लिहीत होते. ‘सरकारने घातलेली वस्तीबंदी’ असे सरळ लिहावे.

आणखी एका वाचकाचे मत :
‘गावकुसाबाहेरची वस्ती’ असे म्हटल्यास अर्थ एका क्षणात पोहोचेल. इतका अनुभवाने भरलेला शब्द आपल्याकडे असताना नवा शब्द का घडवावा?

उत्तर :
आपला मुद्दा मोलाचा आहे आणि लेखात ही तुलना जरूर यावी. दलित पँथरने १९७२ मध्ये आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीवरूनच घेतले होते, त्यामुळे हे नाते जुने आहे. परंतु ‘गावकुसाबाहेर’ या शब्दात शिवाशीव, पाणवठा आणि वतनाची कामे सामावलेली आहेत, आणि जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाला २०२० मध्ये घ्यावा लागला, इतका तो इतिहास अजून जवळचा आहे. पर्यायी शब्द म्हणून वापरल्यास दोन्हींचे तपशील पुसट होतील.

प्रश्नकर्त्याकडून :
आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर, एट माईल रस्त्याच्या दक्षिणेला, सुमारे सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांबीची काँक्रीटची भिंत आहे. तिच्या काही भागावर आता रंगीत चित्रे काढलेली आहेत आणि शेजारच्या मैदानात मुले खेळतात. लेखाची सुरुवात मी अशी केली आहे : “१९४१ मध्ये काळ्या आणि गोऱ्या वस्त्यांच्या मध्ये ही भिंत उभी राहिली.”

उत्तर :
‘उभी राहिली’ हे क्रियापद बदलावे. भिंत आपोआप उभी राहत नाही आणि वस्त्याही आपोआप वेगळ्या होत नाहीत. त्या केल्या जातात. कृष्णवर्णीयांची वस्ती लगत असल्यामुळे सरकारी विमा नाकारला जात होता, तेव्हा तो मिळावा म्हणून गोऱ्यांसाठी घरे बांधणाऱ्या व्यावसायिकाने ही भिंत घातली आणि त्यानंतर विमा मंजूर झाला. वाक्य असे करता येईल : “१९४१ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाने ही भिंत बांधली आणि मग सरकारने गोऱ्यांच्या घरकर्जांना हमी दिली.”