कोलेस्टेरॉलची बातमी आणि वरणभातावरचे तूप

मूळ लेखन:
अमेरिकेच्या २०१५–२० च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून आहारातील कोलेस्टेरॉलची दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळण्यात आली, तेव्हा ‘आजी सांगायची तेच खरे निघाले’ म्हणत आमच्या घरी वरणभातावरची तुपाची धार वाढली. त्याच तत्त्वांत संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट, ज्याने रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते) एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवण्याची सूचना कायम होती, आणि तुपात निम्म्याहून अधिक मेद संपृक्तच असतो. पण तेवढे वाचायला कोणी थांबले नाही. पुढे बाबांचे एलडीएल, म्हणजे रक्तातले ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेले, १६८ आले. ‘लॅबवाल्यांचे काही खरे नाही’ म्हणून त्यांनी ते झटकून टाकले, मात्र त्याच कागदावरची, त्याच रक्तातली उपाशीपोटीची साखर ९२ होती, ती त्यांनी आनंदाने मान्य केली. मनाविरुद्ध जाणाऱ्या माहितीलाच आपण पुरावा मागतो, असे माझे मत आहे.

पहिला प्रतिसाद (असहमत):
हा बाबांवर अन्याय आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे लोकांना अंड्यातला पिवळा बलक टाकून द्यायला लावला, त्यांनीच पुढे ती मर्यादा काढली, तर सामान्य माणसाने पुढच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास का ठेवावा? लक्षणांशी न जुळणारा अहवाल आला, की डॉक्टरही तपासणी पुन्हा करायला सांगतात. त्याला आपण पूर्वग्रह नव्हे, अनुभव म्हणतो.

मूळ लेखक:
डॉक्टरांचा मुद्दा मान्य, पण ते तपासणी पुन्हा करून घेतात. बाबांनी पुन्हा रक्त दिले असते, तर मी हा धागा काढलाच नसता. डिट्टो आणि लोपेझ या मानसशास्त्रज्ञांच्या १९९२ च्या प्रयोगांत चाचणीचा निकाल प्रतिकूल वाटणारे लोक ती अधिक वेळा पुन्हा करून पाहत होते. बाबांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

दुसरा प्रतिसाद:
तुम्ही एलडीएलचे खापर थेट तुपावर फोडले आहे. ते आनुवंशिकतेनेही वाढते, थायरॉइड मंदावल्यानेही वाढते. घरात आणखी कोणाचे वाढलेले आहे का, हे तुम्ही पाहिले होते का, की तूप वाईट हे आधीच ठरले होते?

मूळ लेखक:
आत्याचेही वाढलेले आहे, आणि ती गेली कित्येक वर्षे तुपाला शिवलेली नाही. धागा लिहिताना मला हे ठाऊक होते. लिहावेसे मात्र वाटले नाही.