मदत हवी आहे: इलस्ट्रेटरमध्ये मराठी अक्षरं फुटतात, निळा छापून जांभळा येतो

रेघोटी | मंगळवार, रात्री ९:१२
प्रत्यक्ष कामं हातात घेऊन ग्राफिक डिझाइन शिकतेय. हे तिसरं काम, वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं पोस्टर, इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करतेय. दोन ठिकाणी अडले आहे. मराठी मजकुरातल्या वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरं सुटी होतात. आणि पडद्यावर निळा दिसणारा रंग छापल्यावर जांभळा आला. दोन दिवस शोधतेय, जो तो वेगळंच सांगतो. शनिवारी छापायला द्यायचंच आहे. कृपया लवकर सांगा.

जुळारी | ९:३१
आधी तुम्ही थोडं सांगा. फॉन्ट कुठला? टाइप कशाने केलंत? पोस्टरचा आकार, प्रती किती, ऑफसेट (प्लेट बनवून) की डिजिटल (थेट फाइलवरून)? 'छापल्यावर' म्हणजे घरच्या इंकजेटवर की दुकानात? याशिवाय सांगितलेलं सगळं अंदाजपंचे होईल.

मॅजेंटा८० | ९:४०
फाइल आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीत, आहे का? निळ्याचे आकडे द्या.

कोरलप्रेमी | ९:४४
इलस्ट्रेटर सोडा, कोरलड्रॉ घ्या. छापखान्यात तेच उघडतात. मजकूर टाका, कंट्रोल क्यू दाबून कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे आकार होतील, फाइल द्या. विषय संपला.

जुळारी | ९:५२
@कोरलप्रेमी, फुटलेली अक्षरं कर्व्ह केली तर फुटलेलीच कर्व्ह होतील. शिवाय कर्व्ह केल्यावर वक्त्याचं नाव बदललं तर सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. कर्व्ह करायचंच असेल तर वेगळ्या नावाने प्रत जतन करून त्या प्रतीत करावं.

कोरलप्रेमी | १०:०३
दुकानदाराकडे फॉन्ट नसला तर काय कराल? कर्व्ह केलेली फाइल कुठेही उघडते. वेळ कमी असताना तोच भरवशाचा मार्ग.

जुळारी | १०:०८
पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत होतो. दुकानाला एआय (इलस्ट्रेटरची) किंवा सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल देण्याची गरजच नाही.

रेघोटी | १०:२०
आकार ए३. ६० प्रती, डिजिटल. दुकानात एक नमुना काढून पाहिला, त्यात जांभळा आला. निळा ० / ० / २५५. फॉन्ट मुक्ता. शीर्षक मी टाइप केलं ते फुटतं. खालचा मजकूर सचिवांनी वर्डमध्ये पाठवला, तो चिकटवला की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. दोन्ही एकच भानगड ना?

जुळारी | १०:४१
नाही, दोन वेगळे आजार आहेत.

शीर्षक युनिकोडात (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत) आहे, फक्त इलस्ट्रेटरचा नेहमीचा कम्पोजर, म्हणजे अक्षरं जुळवणारा भाग, देवनागरी जुळवू शकत नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात 'शो इंडिक ऑप्शन्स'वर खूण करा. मग पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातला मेनू उघडून 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन एव्हरी-लाइन कम्पोजर' निवडा. इथे बहुतेक जण फसतात: ही निवड आधीच टाकलेल्या मजकुराला आपोआप लागत नाही. टेक्स्ट बॉक्स निवडलेला असतानाच कम्पोजर बदलायचा, आणि प्रत्येक बॉक्सला. इनडिझाइनमध्ये याच कामाच्या पर्यायाचं नाव 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोजर'.

सचिवांचा मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असणार. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट काढला की खालची इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. कम्पोजर बदलून ते सुधारणार नाही. वर्डमध्ये मजकूर निवडून फॉन्टचं नाव बघा, त्याच फॉन्टसाठीच्या परिवर्तकातून युनिकोड करून घ्या आणि मग ओळ न् ओळ वाचा. रफार, अर्धा र, 'क्ष', 'ज्ञ' आणि अवतरणचिन्हं इथे हमखास चुका राहतात. मजकूर पानभरच असेल तर सरळ नव्याने टाइप करा, तपासण्याएवढाच वेळ लागेल.

बोरू | १०:५८
शीर्षकासाठी फॉन्टच कशाला? कट निबने (कापलेल्या सपाट टोकाच्या लेखणीने) लिहा. निब ४५ अंशांच्या आसपास धरा, ६०० डीपीआयवर स्कॅन करा, इलस्ट्रेटरच्या इमेज ट्रेसमध्ये (चित्राच्या रेषा बनवणाऱ्या सोयीत) 'ब्लॅक अँड व्हाइट' घ्या. शिरोरेषा एका दमात ओढा, तुकड्यातुकड्यांनी नको. मराठीत अक्षरलेखनाची एवढी मोठी परंपरा असताना शीर्षकं एकसारखी दिसतात याचं वाईट वाटतं.

मॅजेंटा८० | ११:१०
@बोरू, सूचना सुंदर, पण शनिवारी छपाई आहे आणि त्यांनी ते विचारलेलं नाही.

निळ्याबद्दल. ० / ० / २५५ हा निळा शाईत नसतोच. छपाईत निळा होतो तो सायन (आकाशी शाई) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) मिळून. प्रचलित प्रोफाइलने (पडद्याचे रंग शाईत बदलण्याच्या ठरलेल्या कोष्टकाने) रूपांतर केलं की या रंगाचे साधारण सायन ८८, मॅजेंटा ७७ होतात. दोन्ही इतके जवळ आले की डोळ्याला जांभळाच दिसणार. सायन आणि मॅजेंटात निदान ३० टक्क्यांचं अंतर ठेवा. १०० / ६० / ० / १० (सायन / मॅजेंटा / पिवळा / काळा) करून बघा, आणखी गडद हवा असेल तर १०० / ७० / ० / २०. पडद्यावर हा रंग मळकट वाटेल. तिथे बघून मॅजेंटा वाढवू नका.

फाइल मेनूत 'डॉक्युमेंट कलर मोड' सीएमवायके, म्हणजे छपाईच्या याच चार शाईंचा, करा. एवढ्यावर थांबू नका, कारण मोड बदलला की जुने रंग ८८.२, ७६.८ असे विचित्र आकडे होऊन बसतात. प्रत्येक स्वॅच (जतन केलेला रंग) उघडून पूर्ण आकडे हाताने टाका. काळ्या अक्षरांचंही तेच. आरजीबीतला काळा चारही रंगांत विभागला जातो, आणि मशीनवर रंग केसभर सरकला की बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात. काळी अक्षरं ० / ० / ० / १०० अशीच हवीत.

पेनपुराण | ११:२५
नवशिक्यांनी सुरुवातीला मध्यम आकाराचा, पडदा नसलेला पेन टॅब्लेट घ्यावा. प्रेशर लेव्हल ४०९६ पुरेशा. पडद्याचा घ्यायची घाई करू नये.

कच्चाआराखडा | बुधवार, सकाळी ७:५०
वरचे उपाय बरोबर आहेत, पण शिकण्यासाठी हे काम घेतलंय म्हणून विचारतो: कागदावर लहान आराखडे किती काढले? ए३चं प्रमाण १ : १.४१ आहे. ५ बाय ७ सेंटिमीटरच्या चौकटी आखून निदान १५ आराखडे पेन्सिलीने काढा, प्रत्येकी दोन मिनिटं. त्यात अक्षरं लिहू नका. शीर्षकाला जाड पट्टा, मजकुराला बारीक रेघा, फोटोला राखाडी चौकोन. पहिले चार-पाच सगळ्यांचे सारखेच येतात, शीर्षक वर, फोटो मध्ये, तारीख खाली. पुढे हात वेगळं काही शोधायला लागतो.

कोरलप्रेमी | ८:०५
तीन दिवसांवर छपाई आली आणि तुम्ही पेन्सिल हातात देताय?

कच्चाआराखडा | ८:१४
१५ चौकटींना अर्धा तास लागतो. पडद्यावर तोच निर्णय घ्यायला अख्खी संध्याकाळ जाते, कारण मांडणी ठरायच्या आतच फॉन्ट आणि सावल्यांशी खेळ सुरू होतो.

रेघोटी | दुपारी १:३६
कम्पोजर बदलला, शीर्षक नीट झालं! जुळारी, मनापासून आभार. मजकूर नव्याने टाइप केला. आराखडे मात्र काढले नव्हते, थेट इलस्ट्रेटरमध्येच सुरुवात केली होती. आज १२ काढले, त्यातला नववा आधीच्या मांडणीपेक्षा स्पष्टच चांगला आहे, तोच घेतेय. नवे प्रश्न: 'दुसऱ्या सत्रात' लिहिताना र वर जाऊन बसतो. आणि शीर्षकातल्या अक्षरांत थोडी मोकळीक दिली तर शिरोरेषा तुटते.

जुळारी | १:५८
र + हलन्त + य असं टाइप केलं तर रफारच येणार. मराठीचा अर्धा र हवा तर नुक्तावाला ऱ + हलन्त + य. कीबोर्डवर ऱ वेगळा असतो, शोधा. सचिवांच्या मजकुरात 'सुऱ्या', 'वाऱ्या' अशी रूपं असतील तर तीही तपासा.

ट्रॅकिंग (अक्षरांमधली जादा मोकळीक) देवनागरीत शून्यच. हवा हवी असेल तर शब्दांमधली जागा वाढवा किंवा कमी जाडीचं वजन घ्या, मुक्तात सात वजनं आहेत. ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेवा. इंग्रजीत १२० टक्के चालतं, इथे वर मात्रा-रफार आणि खाली उकार, म्हणून १४० ते १५०.

बोरू | २:२०
ल आणि श कडेही बघा. पुष्कळ फॉन्टांत आधी हिंदी वळणाचे येतात. कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी केल्यावर काही फॉन्ट मराठी वळण देतात, काही देत नाहीत, तिथे ग्लिफ्स पॅनेलमधून (फॉन्टातल्या सगळ्या अक्षररूपांच्या तक्त्यातून) हाताने बदला. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टात ती वळणं मुळातच आहेत, पण त्यात ठळक वजन नाही, त्यामुळे तो मजकुराला घ्या, शीर्षकाला नको. मराठी पोस्टरवर मराठीच ल असावा, याबाबत मी आग्रही आहे.

मॅजेंटा८० | संध्याकाळी ६:०५
दुकानात कागद कुठला लावणार ते विचारलंत का? बऱ्याच ठिकाणी १२ × १८ इंच असतो. म्हणजे रुंदी ३०४.८ मिमी. तुमचं ए३ २९७ × ४२०, चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापाच्या रेघेबाहेर वाढवलेली छपाई) धरून ३०३ × ४२६. मशीन कागदाच्या कडेचे काही मिमी छापतच नाही, त्यामुळे ब्लीड पूर्ण उतरणार नाही आणि कापल्यावर निळ्या पार्श्वभूमीच्या कडेला पांढरी रेघ राहील. १३ × १९चा कागद मागा. नसेल तर कापलेला आकार ११.५ × १७ इंच ठरवून आर्टबोर्डच (फाइलमधलं पान) बदला. फाइल तयार झाल्यावर दुकानदाराला 'जरा लहान करा' सांगू नका, समास वेडेवाकडे होतात. महत्त्वाचा मजकूर कापाच्या रेघेपासून १० मिमी आत.

रेघोटी | गुरुवार, सकाळी १०:१५
विचारलं, १३ × १९ आहे. कागद १७० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) आर्ट, म्हणजे गुळगुळीत. वक्त्यांचा फोटो व्हॉट्सअॅपवर आलाय, ७२० पिक्सेल रुंद. पोस्टरवर १२ सेंटिमीटर रुंद घेतलाय. चालेल ना?

मॅजेंटा८० | १०:३२
१२ सेंटिमीटरला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) १४१७ पिक्सेल लागतात. तुमचा जेमतेम १५२ वर येतोय, चेहरा मऊ दिसेल. फोटोशॉपमध्ये पिक्सेल वाढवून तपशील येत नाही. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नाहीच मिळाली तर फोटो ७ सेंटिमीटरवर आणा, २६० च्या आसपास बसेल.

कच्चाआराखडा | १०:५०
फोटो लहान केलात तर मोकळी झालेली जागा तारीख आणि वेळेला द्या. छापण्याआधी ए४वर कृष्णधवल प्रत काढून भिंतीला लावा आणि पाच-सहा फुटांवरून बघा. ए४ म्हणजे ए३च्या ७१ टक्के, तेव्हा तिथे वाचता आलं तर फलकावर नक्की येईल. शीर्षक, तारीख, स्थळ या क्रमाने नजर गेली पाहिजे. फोटोनंतर नजर थेट प्रायोजकांच्या नावांवर जात असेल तर ती नावं लहान करा, तारखेला आणखी रंग देऊ नका.

पेनपुराण | ११:०२
टॅब्लेटचं काय ठरलं?

रेघोटी | रात्री ८:४०
टॅब्लेट सध्या नाही घेत आहे. मूळ फोटो मिळाला, २४०० पिक्सेल. भिंतीवर लावून बघितलं, स्थळ वाचताच येत नव्हतं, १४ वरून २२ पॉइंट केलं. उद्या १०० / ६० / ० / १० आणि १०० / ७० / ० / २० असे दोन्ही निळे एकाच कागदावर पट्ट्या करून छापून घेतेय. छपाईसाठीच्या पीडीएफ प्रकारांपैकी कुठला घेऊ, एक्स-४ की एक्स-१ए?

मॅजेंटा८० | ९:०१
पारदर्शक सावल्या असतील आणि दुकानाचं मशीन जुनं असेल तर एक्स-१ए, त्यात सगळं सपाट होऊन सीएमवायकेच जातं. निर्यात करताना ब्लीड ३ मिमी आणि ट्रिम मार्क्स (कापाच्या खुणा) दोन्हींवर खूण करा. पट्ट्या त्याच १७० जीएसएमवर छापून घ्या, साध्या कागदावर नको. आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग निवडू नका, बाहेर उजेडात नेऊन बघा.